चुलीवर टांगलेले सुकाणू

मित्रांनो, थ्रासोनच्या दाराला आतून लावलेला हा काळपट अडसर म्हणजे मी. पण मी जन्माचा अडसर नाही. पूर्वी मी एका तारवाचे सुकाणू होतो.

बोइओतिया प्रांताच्या डोंगरातल्या ओकच्या झाडातून म्हाताऱ्या यूफ्रोनने मला स्वतः तासून काढले. तो शेतकरी होता आणि कवीही. कधी पेरावे, तारू कधी पाण्यात लोटावे, पंचांनी न्याय कसा करावा, हे सारे तो गाण्यांतून शिकवी. तारू हाकण्याचा मोसम संपला की मला चुलीवर धुरात टांगी, म्हणजे कीड लागत नाही. तेव्हा माझे फार कौतुक होई.

यूफ्रोन गेला आणि त्याचा मुलगा थ्रासोन मालक झाला. मनाने वाईट नव्हता, पण भारी आळशी. दोन हिवाळे त्याने मला गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवले. माझ्या मानेत कीड शिरली. वरून मी धडधाकट दिसे. पुढे त्याच्या बायकोने, क्लीनोने, मला पुन्हा धुरात टांगले, पण तोवर उशीर झाला होता.

त्या वर्षी एका खेचरावरून थ्रासोन चुलतभावाशी भांडला आणि सगळा उन्हाळा चावडीवर पंचांपुढे बसून घालवला. द्राक्षदारूचे रांजण घरातच राहिले. पहाटे कृत्तिका मावळू लागल्या, तेव्हा शेजारचा दामीस आला.

"तू तुझं तारू काढ, मी माझं काढतो. आता बंदरात कुणाचाच माल नाही. म्हणू तो भाव मिळेल!"

क्लीनो दळत होती. तिने सासऱ्याचे गाणे मुद्दाम मोठ्याने धरले:

कृत्तिका बुडाल्या, करकोचा बोलला,
घे बैल जोडून, सागर कोपला.

"बाबांची गाणी मला नको ऐकवूस," थ्रासोन चिडला. "गाण्यांनी पोट भरतं का?"

"नांगरानं तरी भरतं ना? तो कुठं पडलाय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"उद्या निघणार म्हणजे निघणार!"

वर टांगलेला मी हादरलो. पहिल्याच मोठ्या लाटेला माझी मान मोडणार, हे मला एकट्याला माहीत होते आणि मला बोलता येत नव्हते. त्या घरात माझ्याइतके कुणी घाबरले नसेल.

दुसऱ्या दिवशी थ्रासोन रांजण घेऊन किनाऱ्यावर गेला. क्लीनोने मला खाली उतरवले. "मामंजी, माफ करा," ती म्हणाली आणि तिने कुऱ्हाड घातली. मित्रांनो, मला रडू आले, पण ते सुटकेचे होते.

थ्रासोन मला न्यायला परत आला. "घर बुडवलंस माझं!" तो ओरडला. मग त्याने माझे तुकडे उचलले. मानेतून भुसा भुरभुरला. भुसा तळहातावर घेऊन तो खाली बसला. नंतर उठून नांगर शोधायला गेला.

दामीस मात्र थांबला नाही.

माझ्या उरलेल्या धड तुकड्याचा थ्रासोनने अडसर केला आणि आता नवे सुकाणू वर धुरात टांगलेले असते. तो रोज त्याच्या मानेवरून बोट फिरवतो. तुम्हीही आपल्या अवजारांना असेच वेळेवर पाहा. आमचे दुखणे आम्हांला सांगता येत नाही.

दामीसची बायको कधीमधी येते. परवा जाताना दाराशी थांबली. माझ्यावरच्या कुऱ्हाडीच्या खुणेवर हात ठेवून ती क्लीनोला म्हणाली, "आमचंही सुकाणू चुलीवरच होतं गं. मला का नाही सुचलं?"