येऊ का?

माझ्या नणंदेचा आवाज असा दणदणीत की गल्लीत त्यांना सगळे 'भोंगा' म्हणायचे. तोंडावर म्हणायची अर्थात कुणाची छाती नव्हती. मी त्यांना वन्सं म्हणते.

माझी सहा वर्षांची लेक स्वमग्न आहे. नावाने हाक मारली तर ओ देत नाही, मोठा आवाज झाला की सांदीकोपऱ्यात शिरते. वन्संनी कितीही लाडाने बोलावलं तरी तिचे हात कानांवर जायचे. त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा, आणि मी मेली त्यांच्यावरच खेकसायचे.

अशा मुलांसाठी काम करणाऱ्या एक बाई दर आठवड्याला शहरातून स्कूटरवर यायच्या. आम्हाला वाटलं, पोरीला बोलायला शिकवतील. त्यांनी शेजारीपाजारी गोळा करून ओसरीवर बसवले आणि सांगितलं, "तिच्यापेक्षा तुम्हालाच जास्त शिकायचंय." तिच्याजवळ जायचं तर आधी हळूच विचारायचं, 'येऊ का?' पोरीला त्यांनी दोनच शब्द शिकवले: ती 'ये' म्हणाली तर जायचं, 'थांब' म्हणाली तर थांबायचं. एवढ्याशा पोरीची परवानगी मागायची म्हणून गल्लीत हशा पिकला. पण बाई भलत्याच चिवट. किराणावाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांकडून त्यांनी ते घोटून घेतलं. मास्तरांना 'ये' मिळालं तेव्हा ते दिवसभर मिरवत होते. वन्संना मात्र कायम 'थांब'. त्यांचं 'हळूच'ही गल्लीभर ऐकू जायचं. त्या रोज विचारायच्या आणि रोज दाराशीच थांबायच्या.

एक दिवस मळणीचं यंत्र घरघरत गल्लीतून गेलं आणि लेक दिसेनाशी झाली. गावाला लागूनच कालवा, तोही काठोकाठ भरलेला. मी तिच्या नावाने टाहो फोडणार, तोच वन्संनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"ओरडू नकोस. आणखी लांब जाईल ती," त्या कुजबुजल्या. यांना कुजबुजता येतं हे मला तेव्हा कळलं.

किराणावाला दुकान उघडं टाकून निघाला, मास्तर वर्ग सोडून आले. सगळी गल्ली शोधत होती आणि कुणाचा आवाज चढला नाही. भलीथोरली माणसं गोठ्यात वाकून, कडब्याच्या गंजीमागे डोकावून हलकेच विचारत होती, 'येऊ का?' या माणसांचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

कालव्याकाठी पुलासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. वन्सं दुखरे गुडघे टेकून एकेका पाइपाच्या तोंडाशी विचारत गेल्या. एकातून उत्तर आलं, "थांब."

मी आत झेपावणार, तर त्यांनी मला घट्ट धरलं. पाइपाचं दुसरं टोक थेट पाण्यावर उघडत होतं. ती घाबरून तिकडे सरकली असती तर संपलंच होतं.

आम्ही थांबलो. वन्संनी पुन्हा विचारलं. पुन्हा 'थांब'. माझा धीर सुटत चालला होता, वन्सं मात्र मातीत बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी तितक्याच हळू आवाजात विचारलं, "येऊ का?"

"ये."

त्यांचं अंग त्या पाइपात मावेल असं मला वाटेना. पण बोलावणं त्यांना होतं, त्या शिरल्या. दोघी रांगत बाहेर आल्या तेव्हा लेकीने आत्याचं बोट मुठीत धरलं होतं, आणि आमचा भोंगा आवाज न करता रडत होता.