होल्डवरची माणसे

माझी डावी कड उजव्या कडेपेक्षा थोडी जास्त झिजली आहे. नीट पाहिले तर नखाच्या टोकाएवढा उतार दिसतो. मला दाबणारा अंगठा वर्षानुवर्षे एकाच बाजूने येतो, म्हणून असे झाले.

मित्रांनो, मी एक जुने लाल बटण आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात, टेबलावरच्या टेलिफोनमध्ये मी बसवलेले आहे. माझ्यावर इंग्रजीत 'होल्ड' असे छापले होते. आता अक्षरे पुसट झाली आहेत, पण माझे नाव इथे सगळ्यांना पाठ आहे.

वितळलेले प्लास्टिक साच्यात थंड झाले आणि माझा जन्म झाला. मग माझ्या खाली एक बारीक स्प्रिंग बसवली आणि शेजारी एक छोटा दिवा. त्या दोघांनी मला कधी स्वस्थ बसू दिले नाही. मला दाबले की दिवा लुकलुकू लागतो, पलीकडच्या माणसाला एक ठरावीक धून ऐकू येते, आणि पुन्हा दाबेपर्यंत तो माणूस तसाच लटकत राहतो.

टेलिफोन जोडायला आलेल्या तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी फोन घेणाऱ्या ताईंना समजावले होते, "हे दाबलं म्हणजे फोन ठेवला असं नाही हं. माणूस तुमच्या हातातच असतो. त्याला तुमचं ऐकू येत नाही, एवढंच."

त्याचे म्हणणे बरोबर होते. शब्दकोशात माझ्या नावाचा पहिला अर्थ 'धरणे' असा आहे. आई मुलाचा हात धरते, पोहणारा श्वास रोखून धरतो, खिळा भिंतीवरचे चित्र धरून ठेवतो. या सगळ्यांसाठी इंग्रजीत हेच क्रियापद चालते. टेलिफोनवर मात्र त्याचा अर्थ 'थांबा' एवढाच उरला. पुढे तो शब्द तारेतून बाहेर पडून कार्यालयभर फिरू लागला. "तुझी रजा होल्डवर आहे," साहेब म्हणत. "माझं लग्नही होल्डवरच आहे," मेकॅनिक म्हणे. नाही म्हणायचे नसले आणि हो म्हणवत नसले की सगळे माझे नाव घेत.

कामाची वर्षे धावपळीची गेली. एकदा एक गृहस्थ दोन मजल्यांच्या मधे अडकले होते. त्यांना मी धरून ठेवले होते. ताईंनी फोन परत घेतला तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी इथे लटकलोय आणि तुम्ही मला गाणं ऐकवताय?"

"मेकॅनिक निघालाय काका. तोवर बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू? गाणंच लावा परत."

ताईंच्या हातून एकही फोन कधी तुटला नाही. साहेब त्यांचे कौतुक करत. त्यातले थोडे कौतुक माझेही आहे, असे मला वाटे.

मग ताईंच्या धाकट्या भावाचे फोन येऊ लागले. त्याची बदली दूरच्या, थंड गावी झाली होती. त्यांचे वडील त्याच्याकडे राहत. वडिलांनी त्याच्याबरोबर जायचे की ताईंकडे राहायला यायचे, हे ठरवायचे होते. "बाबा म्हणतात, आधी ताईला विचार," तो म्हणे. "त्यांना तुझ्याजवळ राहायचंय गं. मला गाडीची तिकिटं काढायचीत. काय सांगू?"

"एक मिनिट हं, दुसरा फोन आलाय," असे म्हणून ताई मला दाबत.

मित्रांनो, कधी कधी दुसरा फोन आलेलाच नसे. हे फक्त मला ठाऊक होते. ताई अंगठा माझ्यावर ठेवून बसून राहत. त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. दुसरीत रात्रपाळी करून आलेले यजमान दिवसभर झोपत. "बाबांची खाट बसते हो तिथे," त्या एकदा मेकॅनिकला म्हणाल्या, "पण मग दार लागत नाही."

"मग दारच काढून टाका की," तो म्हणाला. ताई हसल्या नाहीत.

हळूहळू गिऱ्हाईक मोबाइलवर बोलू लागले. माझ्यावर धूळ बसू लागली. नवा फोन आला की मी भंगारात जाणार, हे साहेबांनी सांगून टाकले होते. तरीही भाऊ याच नंबरवर फोन करी आणि माझा दिवा लुकलुकत राही. त्या दिव्याच्या शेजारी बसणे मला असह्य झाले होते.

एका दुपारी भावाऐवजी वडीलच फोनवर आले. ताईंचा अंगठा लगेच माझ्यावर आला.

"एक मिनिट हं बाबा, दुसरा फोन..."

"घे घे. मी आहे."

दुसरा फोन नव्हता. दिवा लुकलुकत राहिला. पलीकडे ते म्हातारे कान लावून ती धून ऐकत होते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुणाला थांबा म्हणाल. जरूर म्हणा, पण त्याच्याकडे परत या. नाही म्हणायचे असेल तर तेवढे सांगायला तरी या. धरून ठेवलेल्या माणसाला ना बसता येते, ना निघता येते. मी इतकी माणसे धरली आहेत, म्हणून सांगते.

ताईंनी डोळे पुसले आणि मला पुन्हा दाबले. दिवा विझला.

"आलीस का?" वडील म्हणाले. "हे गाणं मला आता पाठ झालंय बघ. ऐक, मी पेटी उघडून बसलोय. सुती कपडे भरू की लोकरीचे, एवढंच सांग."

शेजारच्या लाइनवर आता खरोखरच फोन वाजू लागला. ताईंनी तो वाजू दिला.

"लोकरीचे भरा, बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नाही जमणार."