बुवांच्या नावावरचं पाणी

मला एक खोड आहे. कुणी ‘सापडलं’ म्हटलं की मला आणखी शोधावंसं वाटतं.

आत्याच्या रोपवाटिकेतलं पाणी सोडायचं ॲप मीच बनवलेलं. वेळ झाली की फवारे आपोआप सुरू होतात, आपोआप थांबतात. शिवाय एक टॅब टांगलेला आहे, त्यावर बोट लावून हवं तेव्हा पाणी चालू-बंद करता येतं. जे काही घडेल त्याची ॲप एकेक ओळ लॉगमध्ये टाकत राहतं. त्या ढिगाऱ्यात डोकं घालायची हौस माझ्याशिवाय कुणाला नाही.

तर आत्याची कोवळी रोपं सुकायला लागली. फवारे मध्येच बंद पडत होते. माझ्या आत्तेभावाने लॉग उघडला, फिल्टरमध्ये माळीबुवांचं खातं निवडलं आणि स्क्रीन आत्याच्या नाकासमोर धरला. एकाखाली एक, सारखीच ओळ: ‘बुवा: पाणी हाताने बंद.’

“घे पुरावा,” तो म्हणाला.

आमच्या बंधुराजांना कुठलाही प्रश्न चहा निवायच्या आत सोडवायचा असतो. आत्याही तापट. तिने बुवांना उद्यापासून कामावर येऊ नका म्हणून सांगून टाकलं. “मी हात लावला नाही, बाई,” एवढंच बुवा म्हणाले आणि सामान आवरायला गेले. राहायची खोली वाटिकेतलीच, म्हणजे कामाबरोबर घरही गेलं. मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, मला राहवेना. स्वतःच्या हाताने लावलेली रोपं माणूस कशाला वाळवेल?

मी फिल्टर काढला.

फिल्टर लावून लॉग वाचणं म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकणं. आता दुसरी बाजूही दिसायला लागली. ‘यंत्रणा: फवारे सुरू.’ त्याच्या पाठोपाठ ‘स्क्रीनवर स्पर्श’, पुन्हा ‘स्पर्श’, पुन्हा ‘स्पर्श’. कोपऱ्यात, मध्यभागी, कडेला, सगळे एका दमात. त्यातला एखादा नेमका ‘बंद’च्या बटणावर. आणि मग बुवांची ती ओळ. दर वेळी हाच क्रम. फवारे थांबलेले असताना मात्र स्पर्शाचं नाव नाही. इतक्या बोटांचा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

लॉगमध्ये मागे गेले तर रोपं सुकण्याआधी असं काहीच नव्हतं.

“आत्या, इथे अलीकडे काय बदललंय?”

“काही नाही गं. टॅब तेवढा पडवीतून शेडमध्ये नेला. वाफ्यांमधल्या खांबावर.”

“का?”

आत्या घुटमळली. “बुवा सारखे पडवीत त्याच्यापाशी बसायचे. म्हटलं, टॅब रोपांत टांगला की तेही रोपांतच राहतील.”

मी दोघांना ओढतच शेडमध्ये नेलं. टॅब सकाळी बुवा उघडतात आणि दिवसभर तो त्यांच्याच खात्यात असतो, त्यामुळे त्यावरचा प्रत्येक स्पर्श त्यांच्या नावावर पडतो, हे मी वाटेत सांगितलं. आत्तेभाऊ ऐकल्यासारखं करत होता.

तेवढ्यात खोलीची किल्ली द्यायला बुवा दारात आले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पिशवी.

“बुवा, तिथेच थांबा,” मी म्हटलं आणि माझ्या फोनवरून फवारे सुरू केले.

टॅबजवळ कुणीही नव्हतं. तुषार काचेवर पडू लागले. स्क्रीन जागा झाला. थेंब जमले, ओघळले, ॲपचं एक पान उघडलं, मिटलं, आणि फवारे गपकन थांबले. पाण्यानेच पाणी बंद केलं होतं. माझ्या फोनवर नवी ओळ आली.

“काय लिहिलंय त्यात?” बुवांनी विचारलं.

“‘बुवा: पाणी हाताने बंद.’”

बुवांनी आपल्या दोन्ही भरलेल्या हातांकडे पाहिलं. आत्तेभाऊ कुणी न सांगता पुढे झाला, टॅब काढून स्वतःच्या शर्टाला पुसायला लागला.

“माझं चुकलं, बुवा,” आत्या म्हणाली. “तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मी सांगितलं होतं, बाई.”

“हो. मी स्क्रीन वाचत बसले होते.”

बुवांनी किल्ली पुढे केली. आत्याने हात मागे घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्या टॅबवर माझं वेगळं खातं उघडून दे. माझं बोट, माझं नाव.”

मी उघडून दिलं. बुवा अजून दारातच उभे होते.

“आधी पाणी सोडा, बाई,” ते म्हणाले. “रोपं अर्धवट राहिलीत.”

आत्तेभावाने कोरडा टॅब पुढे धरला, आत्याने बटण दाबलं. फवारे सुरू झाले.

“आता काय आलं?” बुवांनी मला विचारलं.

“‘आत्या: पाणी हाताने सुरू.’”

बुवांनी पिशवी खाली ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.