दारातला आकाशगरुड

शेजारी शेषेरावकाकांच्या अंगणात नाग निघाला, तसे आमचे अप्पा देगलूरच्या बाजारातून आकाशगरुडाचा गड्डा घेऊन आले. दिसायला सुरणासारखा, वेल तोंडल्याच्या जातीचा. काळ्या दोऱ्यानं दारात टांगायचा. माती नको, पाणी नको, नुसत्या हवेवर वेल फुटतो. त्याच्याखालून साप जात नाही म्हणतात.

"बिनकामाचं लटकायचं अन् वाढायचं," अप्पा माझ्याकडं बघत म्हणाले. मी तेव्हा नोकरी शोधत होतो.

आठवडा झाला नसेल, भर दुपारी माझ्या आईनं, अव्वानं, ज्वारीच्या पोत्यांमागं हात घातला अन् तिला नाग डसला. डसून पुन्हा पोत्यांमागंच गेला.

शेषेरावकाकांनी रिक्षा दाराशी लावली. अप्पा मात्र गड्ड्याकडं बघत उभे. "ह्यो असताना आत आला कसा?"

"आला नाही, अप्पा. टांगला तेव्हाच आत होता. आता त्याला बाहेर जाता येईना."

मी वैतागून बोललो होतो. अप्पांना पटलं.

"हाव की. आधी गरुड उतरवू, म्हंजे त्यो जाईल. अन् ह्योच उगाळून चाटवू, इख उतरतंय."

त्यांनी दारात स्टूल मांडलं अन् वर चढले. अव्वा आत, रिक्षा बाहेर, मध्ये अप्पा. गाठ सुटेना. त्यांनीच मारलेली होती.

"गुरुपादप्पा, उतर की बाबा. वहिनीला येऊ दे," काका बाहेरून म्हणाले.

"झालंच."

शेवटी सुटली, तर स्टुलावर बसूनच त्यांनी गड्डा कापला, उगाळला, अव्वाला चाटवला. अव्वाच्या पापण्या मिटत चालल्या. "झोप यायली," ती जड जिभेनं म्हणाली.

"बघ, गुण आला," अप्पा म्हणाले.

मी अप्पांना स्टुलासकट बाजूला ढकललं अन् तिला उचललं. दवाखाना लांब नव्हता. इंजेक्शनही होतं. अव्वा नव्हती.

"इतका वेळ घरी काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दार मोकळं करायलो होतो," अप्पा म्हणाले.

आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं अव्वाला बसवून पुरलं. नाग सापडला नाही. पुढं काही दिवसांनी कोपऱ्यात पडलेल्या अर्ध्या गड्ड्याला कोंब फुटला. अप्पांनी तो पुन्हा दारात टांगला.

"आता कशाला?"

"बाहेरचे आत येतील."

"अन् आतला?"

 अप्पांनी ओसरीत, गड्ड्याच्या बाहेरच्या अंगाला, दोन वाकळा अंथरल्या. एक त्यांची, एक माझी.

वेल आता चौकटीभर झालाय. आम्ही बाहेरच राहतो.