घरामागे शंभर पावलांवर

सुनंदाने ते पोस्टकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बेसनाच्या डब्यात ठेवलं होतं. त्या घरात बेसनाच्या डब्याला तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागत नसे. बँकेतला लॉकरसुद्धा इतका सुरक्षित नसेल.

कार्ड गुहागरहून आलं होतं, चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत. रुक्मिणी साठे नावाच्या बाईंनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘दोन खोल्या देऊ. सकाळी घावन-चटणी, दुपारी साधं जेवण, रात्री मऊ भात नि मेतकूट. आपण काही करायचं नाही. गावात वाहन लागत नाही, देऊळ, बाजार सगळं पायी. घरामागे आमची नारळाची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. मोजून शंभर पावलं.’

मोजून शंभर! सुनंदाने ते वाचलं आणि त्याच दुपारी ओटा पुसून, अनुपमाला हाताला धरून ती जिना उतरली. अनुपमा ही तिची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. बोरिवलीत बाभई नाक्याजवळ त्यांची इमारत होती. इमारतीच्या फाटकापासून दोघी मायलेकींनी पावलं मोजली. शंभरावं पाऊल पडलं ते पिठाच्या गिरणीच्या पायरीवर.

“म्हणजे समुद्र इथे?” अनुपमाने विचारलं.

“इथे.”

“एवढा जवळ? मग आपण चपला न घालता जायचं!”

गिरणीवाला पिठाच्या धुरळ्यातून टकामका बघत राहिला. दळण न आणता ह्या हसतायत कशाला, त्याला काही कळेना.

आता कुणी म्हणेल, समुद्राचं एवढं काय? बोरिवलीहून होडीत बसलं की गोराई. अहो, हो ना! लग्न होऊन चौदा वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत सुनंदा तीनदा गोराईला गेली होती आणि तिन्ही वेळा तिच्या मांडीवर पुऱ्यांचा डबा होता. वाळूत सतरंजी पसरायची, सगळ्यांना वाढायचं, सगळ्यांचं खरकटं गोळा करायचं, की निघाली होडी. पायाला पाणी लागलं ते होडीत चढताना, तेवढंच. सुट्टी म्हणजे जागा बदलून स्वयंपाक, एवढंच तिला ठाऊक. तिला समुद्र हवा होताच, पण त्याहून जास्त हवी होती ती त्या कार्डातली ओळ. ‘आपण काही करायचं नाही.’ ती ओळ तिने इतक्या वेळा वाचली होती की कार्डाला त्या जागी हळद लागली होती.

नवरा श्यामकांत विमा कंपनीत कारकून होता. स्वभावाने गरीब. कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. बायको सोडून, अर्थात. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, सुनंदाने कार्ड दाखवल्यावर तो चक्क हो म्हणाला. “जाऊ की. मे महिन्यात चार दिवस. गुरुवारी निघायचं, रविवारी परत. आपण तिघं आणि माई.”

माई म्हणजे त्याची आई. त्या घरात माईंशिवाय पान हलत नसे, त्यामुळे चौथं तिकीट सुनंदाने आधीच धरलं होतं. तिने बाजारातून एक नायलॉनची निळी साडी आणली, झटकली की वाळणारी. पोटऱ्यांपर्यंत खोचून पाण्यात उभं राहता यावं म्हणून. दुकानदाराला तिने चारचौघींत विचारलं होतं, “खाऱ्या पाण्याने रंग जाईल का हो?” जणू तिची उठबस जहाजावरच!

मार्चमध्ये मुलुंडची नणंद कुंदा माहेरी आली. चहा पिता पिता श्यामकांत म्हणाला, “कुंदे, तुम्हीपण चला की! झकास मजा येईल.” कुंदा, तिचा नवरा, दोन मुलगे. झाले आठ. कुंदा गेली ती घाटकोपरला धाकट्या भावाकडे, जयवंताकडे. पुढच्या रविवारी जयवंताचा फोन खालच्या दुकानात. “दादा, आम्हाला वगळलंत होय रे?” जयवंत, त्याची बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. झाले अकरा.

“अहो, दोन खोल्यांत अकरा माणसं?” सुनंदा म्हणाली.

“घरचीच तर आहेत.”

सुनंदाने मनाची समजूत घातली. असू देत अकरा. रांधणार साठेबाई, वाढणार साठेबाई. आपल्याला काय, आपण शंभर पावलं चालायची.

एप्रिलमध्ये माईंनी तोंड उघडलं. इतके दिवस त्या नुसतं ऐकून घेत होत्या.

“गुहागर म्हणजे आपला व्याडेश्वर,” माई म्हणाल्या. “कुलदैवताच्या गावी जायचं आणि वाळूत लोळून परत यायचं? अभिषेक करायचा. देवीची ओटी भरायची. समुद्राला नारळ सोडायचा. आणि नैवेद्य खाणावळीतला नाही चालायचा. परक्याच्या हातचं मी खात नाही, ठाऊक आहे ना?”

श्यामकांतने मान डोलावली. मग माईंनी सुनंदाकडे वळून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून विचारलं, “तुझी तारीख केव्हा गं?”

सुनंदाने सांगितली. त्या तारखेच्या आधी दहा दिवस, असा माईंनी मुहूर्त काढला. एस.टी.चं आरक्षण झालं. सून देवळात यायला हवी, म्हणून एवढी काळजी!

मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरं कार्ड आलं. तेच टपोरं अक्षर. ‘आपलं पत्र पोचलं. जेवणाची व्यवस्था आपली आपण करणार हे समजलं. मागच्या पडवीत चूल आहे, लाकडं देऊ. स्टोव्ह आणलात तर रॉकेलची सोय करू.’

सुनंदाने ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. संध्याकाळी नवरा दारात आला, तो बूट काढायच्या आत तिने कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं.

“तुम्ही जेवण नको म्हणून कळवलंत?”

“अगं, माई खाणार नाही. आणि एकीसाठी रांधायचं तेच अकरांसाठी. तुला काय जड आहे?”

तुला काय जड आहे! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते सुनंदाला त्या क्षणी नीट कळलं. “मला जायचं होतं ते स्वयंपाक करायचा नाही म्हणून,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने हे एवढं स्पष्ट सांगितलं.

श्यामकांत हसला. खरंच हसला हो तो. त्याला वाटलं, बायको विनोद करतेय. “मग जायचं कशाला? इथेच राहा,” असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

निघायचं गुरुवारी पहाटे. बुधवारी सकाळीच कुंदा मुलांना घेऊन मुक्कामाला आली. सुनंदा मसाले बांधत होती, पोहे, गूळ, तांदूळ मापत होती. पंपाचा स्टोव्ह माळ्यावरून काढून चिंचेने घासून ठेवला होता. कुंदा पंख्याखाली पाय पसरून म्हणत होती, “वहिनी, तिथे एक दिवस मोदक करा हं. ओल्या नारळाचे.”

आणि मोदकाचं नाव ऐकता ऐकता सुनंदाच्या डोक्यात ते आलं.

त्या घरात विटाळ कडक होता. चार दिवस गॅलरीतली चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. लोणच्याच्या बरणीवर सावली पडली तरी माई खेकसत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुनंदा त्या चटईवर रात्रभर रडली होती. पुढे पुढे मात्र तिला ते चार दिवस मनातून हवेसे वाटायला लागले. कुणी चहा मागत नसे. माई कुरकुरत का होईना, भात लावत. चौदा वर्षांत तिला रजा म्हणून मिळाली असेल, तर ती तेवढीच.

बाजूला बसले तर? कुंदा रांधेल. मी साठेबाईंच्या ओट्यावर बसेन. कंटाळा आला की वाडीतून उठून चालायला लागेन. विटाळशीला हाक कोण मारणार?

दुपारी बाराला ती तांदळाची पिशवी तशीच टाकून गॅलरीत गेली आणि चटई पसरून बसली.

“काय झालं गं?” माई आल्या. मग चटई बघून म्हणाल्या, “आत्ता? तारखेला अजून दहा दिवस आहेत!”

“हल्ली मागेपुढे होतं, माई.” सुनंदा चटईची कड सरळ करत म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

शिव्या पडतील असं तिला वाटलं होतं. पण माईंचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला. “बरं केलंस, खरं सांगितलंस. देवाच्या कामात लपवलं असतंस, तर पोरीबाळींवर आलं असतं.”

सुनंदाचं लक्ष अनुपमाकडे गेलं. ती दारात उभी राहून नव्या फ्रॉकच्या गुंड्या लावत होती.

आत मात्र कुंदा ताडकन उठून बसली. “अगं माई, म्हणजे अकरा माणसांचं मी करू? माझी सुट्टी आहे की शिक्षा? जयवंताच्या बायकोला तर बाळापुढे काही सुचत नाही. असं असेल तर मी आत्ता मुलुंडला परत जाते.”

श्यामकांत अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. तो वर्तमानपत्राआडून कधी आईकडे, कधी बहिणीकडे बघत राहिला. माई विचार करत होत्या. सुनंदाने गॅलरीतून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला वाटलं, जमलं. आता ह्या ‘साठेबाईंना जेवणाची तार करा’ म्हणतील.

“परगावी कसला आलाय विटाळ?” माई म्हणाल्या. “प्रवासात सगळं चालतं. डोक्यावरून न्हाली की स्वयंपाकाला हरकत नाही. माझ्यापुरता नि नैवेद्यापुरता वाटीभर भात कुंदा लावेल. बाकीचं सुनंदा बघेल.”

चौदा वर्षं! बरणीवरच्या सावलीला खेकसणारी ही बाई! सुनंदाला ओरडावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, “मग मला समुद्रावर तरी...”

“छे, छे! देवळाची पायरी नाही आणि समुद्राचं तोंड नाही. त्याची आपण पूजा करणार. सगळे जातील तेव्हा तू घरी थांब, तेवढ्यात पोळ्या होतील. पाचव्या दिवशी न्हालीस की मोकळी.”

श्यामकांतने बोटं मोजली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. “अरे वा, अगदी बरोबर बसतंय,” तो म्हणाला. “पाचवा दिवस रविवार. रविवारी सकाळी सातला आपली परतीची एस.टी. आहे.”

त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. एक तिढा सुटला ना!

खोटं आहे, मला काही झालेलं नाही, असं सांगायला सुनंदाने तोंड उघडलं. सांगितलं असतं तर स्वयंपाक चुकला नसता, पण समुद्र तरी मिळाला असता. अकरा माणसांचं करून संध्याकाळी शंभर पावलं ती ओढत ओढत का होईना, गेली असती. पण अनुपमा तिथेच उभी होती आणि पोरीबाळींवर येतं म्हणाल्या होत्या माई. सुनंदाचा अशा गोष्टींवर विश्वास होता की नव्हता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने तोंड मिटलं.

“बसून काय राहिलीस?” माई म्हणाल्या. “सामान अर्धं बांधायचं आहे. देवाच्या वस्तूंना तेवढा हात लावू नकोस. न्हाऊन ये आणि आवर. आत्तापासूनच प्रवास धरायचा.”

सुनंदा न्हाली. ओल्या केसांनी परत तांदूळ मापायला बसली. बेसनाचा डबा तसाच्या तसा पिशवीत गेला, कार्ड आतच राहिलं. निळी नायलॉनची साडी तिने बॅगेच्या तळातून काढून कपाटात ठेवली आणि तिच्या जागी दोन जुनी सुती लुगडी घातली. तेलाचे डाग पडले तरी चालणारी.

अनुपमा येऊन तिच्या पाठीला टेकली. “आई, तू खरंच येणार नाहीस समुद्रावर?”

“नाही.”

“का पण?”

“खोटं बोलले म्हणून.”

अनुपमा हसली. तिला वाटलं, आई चिडवतेय. “मग मी जाताना मोजीन हं पावलं,” ती म्हणाली. “आणि तू मागच्या पडवीतून ऐकायचीस. एवढा जवळ आहे तर ऐकू येईलच की!”

“येईल,” सुनंदा म्हणाली. “तेवढं येईल.”

बाहेरून श्यामकांतने हाक मारली. “सुनंदा, स्टोव्हची पिन घेतलीस का? तिथे मिळायची नाही.”

पिन तिने सकाळीच घेतली होती. एक मोडली तर असू दे, म्हणून दोन घेतल्या होत्या.