दारावरची कडुलिंबाची डहाळी

अंबरनाथला नुकतीच नगरपालिका झाली होती आणि मी तिचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. दारावर कडुलिंबाची डहाळी दिसली की घरात देवीचा रोगी आहे असं समजायचं आणि आत शिरायचं. कायद्यानं तसा हक्कच होता.

एकट्या राहणाऱ्या वेणूबाईंच्या दारावर डहाळी दिसली. लस टोचणाऱ्याला घेऊन धावतच गेलो. म्हातारी ठणठणीत! अंगावर एक फोड नाही.

मी भडकलो. "आजी, काय थट्टा लावलीय? ही डहाळी बघून शेजारीपाजारी फिरकणार नाहीत!"

"ते तसं बी कुठं फिरकतात?" आधीच मांडून ठेवलेल्या कपबशांत ती चहा ओतू लागली. "शेजारच्या नाथाच्या पोराला देवी आल्या, तवा तुमी रोज येत व्हता."