काळ्या रंगाखालचा तडा

मी बेस प्लेट बोलतेय. आधीच सांगते, माझी कीव करू नका. कीव करायचीच तर लंडनजवळच्या पिनरच्या शशीताईंची करा. जो दोष त्यांचा नव्हता तो त्या बाईने वर्षभर स्वतःच्या डोक्यावर घेतला. खरं काय ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्यांचा नवरा आणि एक मी. नवरा बोलत नव्हता आणि मला तोंड नाही.

माझं काम काय ते सांगते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. असं घर घेऊन हिंडणारे लोक मागे एक छोटी गाडी बांधून नेतात, म्हणजे घर एका जागी उभं करून गावात जाता येतं. ती गाडी ओढायला मध्ये ए-फ्रेम नावाचा लोखंडी त्रिकोण असतो. त्याचं टोक मोटरहोमला अडकवायचं आणि त्याचे दोन पाय माझ्या दोन कानांत, म्हणजे पुढे आलेल्या दोन कड्यांत. मी गाडीच्या बंपरमागे, सांगाड्याला सहा बोल्टांनी आवळलेली. अख्खी गाडी माझ्या दोन कानांवर चालते म्हणा ना.

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. बनवणाऱ्याने माझ्या पाठीवर खडूने गाडीचं मॉडेल लिहिलं होतं. आमच्यात सगळ्या गाड्यांना चालेल अशी कुणी नसते. नाव तेच राहतं, पण नवं मॉडेल आलं की सांगाडा बोटभर इकडे तिकडे होतो आणि जुनी प्लेट बसत नाही. बसत नाही म्हणजे बसवू नये. बाकी बसवायला काय, माणसं काहीही बसवतात.

माझे पहिले मालक डेव्हनचे, एक म्हातारं जोडपं. आजोबा प्रत्येक थांब्याला गुडघे टेकून खाली वाकायचे, मला हाताने हलवून बघायचे, मगच चहा घ्यायचे. आजी त्यांना चिडवायच्या की माझी इतकी चौकशी कधी केली नाहीस. चार उन्हाळे मी त्यांच्याकडे सुखात काढले. मग एकदा कार पार्कमध्ये आजोबांचा अंदाज चुकला आणि गाडी दगडी कठड्यावर आदळली. माझा डावा कान वाकला. त्यांनी तो ठोकून सरळ केला खरा, पण कानाच्या मुळाशी नखाएवढा तडा गेला होता. त्यांनी तो पाहिला आणि मला गाडीवरून उतरवलं. म्हातारे होते, पण डोळे शाबूत होते.

दोन वर्षं मी त्यांच्या गॅरेजात पडून होते. दोन हजार सातच्या सप्टेंबरात मला न्यायला कमलाकरराव आले, शशीताईंचे यजमान.

कमलाकरराव साताऱ्याचे. सदतीस वर्षं लंडनमधल्या पार्क रॉयलच्या कारखान्यात फिटर होते आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनं मोटरहोम घेतलं. मुलगी आसावरी एडिनबराला फिजिओथेरपिस्ट, तिचं पहिलं बाळंतपण ऑक्टोबरच्या अखेरीस. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचा, लिफ्ट नाही, आणि शशीताईंचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून ठरलं की मोटरहोम गावाबाहेर उभं करायचं, त्यातच राहायचं आणि मागून नेलेल्या छोट्या लाल गाडीतून रोज लेकीकडे जायचं. शशीताईंनी अळिवाचे लाडू करून डबे भरून ठेवले होते.

तशी कमलाकररावांनी सुरुवात नीट केली होती. वॉटफर्डच्या डेरेक नावाच्या फिटरकडे गेले होते. डेरेकने लाल गाडीचं मॉडेल बघून सांगितलं की हिच्यासाठी वेगळी प्लेट मागवावी लागेल. ती सांगाड्याला सहा ठिकाणी धरते, बसवताना बंपर काढावा लागतो, जाळी थोडी कापावी लागते. आणि यायला सहा आठवडे. वापरलेली प्लेट घेऊ नका, तिला काय काय झालंय ते तुम्हाला कळणार नाही, असंही तो म्हणाला.

सहा आठवडे म्हणजे दसरा हातचा जाणार. तिथेच सगळं अडलं. कमलाकररावांनी मनात धरलं होतं की दसऱ्याच्या दिवशी गाडीघोड्यासकट स्कॉटलंडची हद्द ओलांडायची. हेच आपलं सीमोल्लंघन! मराठी मंडळात चारचौघांना सांगूनही झालं होतं. आता मागे कसं फिरायचं? माणसाचं हे असं असतं बघा. प्लेट चुकीची निघाली तर चालते, बोललेला शब्द खाली पडलेला चालत नाही.

डेव्हनच्या आजोबांनी काही लपवलं नाही. कठड्याची गोष्ट सांगितली, कान दाखवला, भंगारात घालायची म्हणून ठेवलीय म्हणाले. कमलाकररावांनी मला उजेडात धरलं, तड्यावरून नख फिरवलं. मला वाटलं, सुटले, हा जाणकार माणूस आहे. त्यांनी मला गाडीत टाकलं आणि पिनरला आणलं.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. मी जुन्या मॉडेलची, गाडी नवी. सहापैकी चार भोकं जुळली, दोन जुळेनात. त्यांनी कानस घेऊन ती दोन लांबवली आणि खाली मोठे वॉशर घातले. मग तारेच्या ब्रशने मला घासलं आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग तड्याच्या आत, पार खोलवर गेला. आत गेलेला तो थंडावा मला अजून आठवतो. शशीताई चहा घेऊन गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, "अगदी नवीकोरी दिसते हो." कमलाकरराव कपात बघत म्हणाले, "हं."

त्या वर्षी दसरा रविवारी होता. शनिवारी, खंडेनवमीला, सकाळी ते गाडी जोडून थोडं फिरून आले. नव्या बसवलेल्या प्लेटचे बोल्ट पन्नासेक मैलांनंतर पुन्हा आवळायचे असतात, हे फिटरला सांगावं लागत नाही. पण ते परतले तेव्हा समोरच्या खोलीत पाट मांडला होता. पाटावर त्यांचे पाने, पकड, शशीताईंची शिवणाची कात्री, मोटरहोमची जादा किल्ली, सगळ्यांवर हळदकुंकू आणि वेम्बलीहून आणलेली झेंडूची फुलं. आज हत्याराला हात लावायचा नाही, असा त्या घरचा शिरस्ता. कमलाकररावांनी दारातूनच पाटावरच्या पान्याकडे पाहिलं. मग उद्या सकाळी आवळू म्हणाले आणि हात जोडले.

उद्या सकाळी धांदल. लाडवांचे डबे, थर्मास, औषधं, आपट्याची पानं नव्हती म्हणून कागदाची कापलेली पानं. सात वाजता निघाले. पाना पाटावरच राहिला, झेंडूखाली.

उत्तरेला जाताना माझा कान ठणकत होता. प्रत्येक ब्रेकला तडा थोडा उघडायचा, थोडा मिटायचा. लांबवलेल्या भोकांत बोल्ट सरकत होते. ओरडावं तर ओरडणार कसं? मी आपली करकरत राहिले, पण पुढे मोटरहोममध्ये आरती लावली होती.

जेवायला थांबले तेव्हा आसावरीचा फोन आला. दिवस दहा-बारा बाकी होते, पण पोटात दुखायला लागलं म्हणून तिला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं होतं. फोन स्पीकरवर होता. इथेच वाढलेली मुलगी, तिचं मराठी तिच्यासारखंच गोड. "बाबा, तुम्ही स्लो चालव, ओके? मी फाइन आहे. पण आईला आण लवकर."

शशीताईंचा जीव वरखाली होऊ लागला. कमलाकरराव खाली वाकले आणि त्यांनी मला हात लावला. एक बोल्ट बोटाने फिरला. त्यांचा चेहरा उतरलेला मी जवळून पाहिला. लाल गाडी तिथेच सोडून पुढे जाता आलं असतं. एवढंच करायचं होतं! त्यांनी हत्यारांची पेटी उघडली, पाना नाही, ड्रॉवरमधली छोटी पकड घेऊन बोल्ट जमेल तसा आवळला. शशीताईंनी विचारलं, हे पकडीने का करताय. तेव्हा ते वैतागून बोलले, आणि त्या वाक्याने पुढे सगळा घात केला.

"पाना घरी राहिला. तू पाटावर ठेवलास ना."

अ‍ॅल्निकच्या पुढे, स्कॉटलंडच्या हद्दीच्या थोडं अलीकडे, रस्ता अरुंद होतो, समोरून येणाऱ्या गाड्या शेजारून जातात. चार वाजले असतील. उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि माझा डावा कान तुटला. सगळा भार उजव्या बाजूला आला. लांबवलेल्या भोकांतून बोल्ट निसटले, बाकीचे चार भार न पेलून तुटले आणि मी गाडीपासून उचकटून निघाले. ए-फ्रेमला लटकत मी डांबरावर घासत गेले. लाल गाडी सुटली. तिच्या ब्रेकला बांधलेली सेफ्टी केबल ताणली जाऊन ब्रेक लागले म्हणून ती थांबली तरी, पण थांबली ती समोरच्या लेनमध्ये, आडवी.

समोरून एक बाई येत होती, मागच्या सीटवर दोन मुलं. तिने ब्रेक मारले. दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर राहिलं. हातभर! कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, पण ती बाई उतरली आणि गवतात बसून थरथरायला लागली. शशीताई दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यापर्यंत गेल्या, तिच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात धरून ठेवला. मुलांच्या हातात त्यांनी लाडू दिले.

इकडे पोलीस आला. त्याने माझा तुटलेला कान उचलला, तुटलेल्या कडेवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात कमलाकररावांना म्हणाला, हे आधीच तडकलेलं होतं. त्यांनी मान डोलावली. शशीताई लांब होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. पुढचा दंड, कोर्टाचं पत्र, सगळं कमलाकररावांनी परस्पर निस्तरलं.

नातीचा, सान्वीचा, जन्म त्याच संध्याकाळी झाला. आजी पोचली दुसऱ्या दिवशी दुपारी. लेकीने शशीताईंना विचारलं की काय झालं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं गं. पाना मी पाटावर ठेवला." कमलाकरराव खिडकीबाहेर बघत होते. 

नंतर मला पिनरच्या शेडमध्ये टाकलं, तुटका कान शेजारी. कमलाकररावांनी मला फेकलं का नाही, ते मला कळत नव्हतं. महिन्यातून एकदा यायचे, मला उचलायचे, परत ठेवायचे. भिंतीपलीकडून शशीताईंचं बोलणं ऐकू यायचं. मैत्रिणींना तीच गोष्ट, फोनवर तीच गोष्ट, त्या बाईच्या दोन मुलांची. त्यांनी गाडीत बसणं सोडलं. नातीला बघायला ट्रेनने जायच्या. मला खरंच राग यायचा हो. लोखंडाला राग येत नाही म्हणतात, येतो.

पुढच्या खंडेनवमीला सकाळ झाली तरी पाट मांडलेला नव्हता. मोटरहोम दारात उभं होतं, त्याच्या मागे लाल गाडी दुरुस्त होऊन उभी. डेरेककडून त्या गाडीसाठीच बनवलेली प्लेट आणली होती, ती डेरेकनेच बसवली होती. पण शशीताई त्यातून नातीकडे यायला तयार नव्हत्या. सकाळी मी त्यांचा आवाज ऐकला. माझ्या हातून ती पूजा आता होणार नाही, मी दोन मुलं मारली असती, असं काहीतरी म्हणत होत्या. मग शेडचं दार उघडलं.

कमलाकररावांनी मला आणि माझ्या कानाला स्वयंपाकघरात नेलं आणि टेबलावर ठेवलं. 

"शशी, इथे बघ. ही अर्धी कड चकचकीत आहे ना, ती त्या दिवशी तुटली. आणि ही अर्धी काळी. हा रंग आहे. आत रंग कसा गेला असेल?"

शशीताई टेबलावर वाकल्या.

"तडा आधीपासून होता. मी बघितला होता आणि वरून रंग दिला. पाना बरोबर असता तरी हे तुटलंच असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"वर्षभर?"

 शशीताईंनी माझा कान हातात घेतला, अंगठा काळ्या कडेवरून फिरवला. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत, त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. उठल्या, पेटीतून पाना काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"आधी बाहेर जाऊन नव्या प्लेटचे बोल्ट आवळून या. मग आसावरीला फोन करा आणि हे सगळं तुम्ही स्वतः सांगा. पूजेचं मी नंतर बघेन."

ते गेले. खिडकीतून पान्याचा आवाज येत राहिला. मग फोनवर त्यांचा आवाज, अडखळत. शशीताई ऐकत उभ्या होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी पाट मांडला.

आज मी त्या पाटावर आहे, कान शेजारी. हळदकुंकू पान्याला लावलं, कात्रीला लावलं, मला नाही. बरोबरच केलं त्यांनी. उद्या मला भंगारात द्यायचं ठरलंय आणि माझी काही तक्रार नाही. वितळून पुन्हा काही झालेच, तर ज्याच्या हाती पडेन त्याला एवढंच मागणं आहे, मला घेण्याआधी नखाने तपास. तडा सापडला तर रंगाचा डबा उघडू नकोस.